दर दोन तासांनी कूस

२१ ऑक्टोबर १८०५. ट्रॅफल्गारच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या खांद्यातून शिरलेली गोळी पाठीच्या कण्यात रुतली. छातीखालचं काहीच जाणवत नाही, हे सर्जनला त्यानेच सांगितलं, आणि आपण वाचत नाही हेही त्यानेच. सर्जनने खोटा धीर दिला नाही. मान मोडून हातपाय लुळे पडलेल्यावर उपचार करू नयेत, असं प्राचीन इजिप्तमधल्या एका वैद्यकीय पपायरसात लिहिलं आहे. नेल्सनच्या सर्जनकडेही त्याहून वेगळं काही नव्हतं. पहिल्या महायुद्धातही अशा जखमींपैकी सुमारे ८० टक्के पहिल्या काही आठवड्यांत गेल्याची नोंद आहे.

कण्यातला मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. तो तुटला वा चेंगरला की त्याखालच्या शरीराशी मेंदूचा संपर्क संपतो. पण मान वाचलेली असेल तर श्वास चालू असतो, हृदय चालू असतं. मग ही माणसं दगावत कशाने? कातडीने आणि लघवीने. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो. ज्याला टोचणं कळतच नाही तो तसाच पडून राहतो. माकडहाडावर, टाचांवर दाब येऊन रक्त थांबतं, मांस सडतं, जखम हाडापर्यंत जाते. इकडे मूत्राशय तुंबतं, त्यात जंतू शिरतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो.

हे ओळखून त्यावर हटून बसलेला डॉक्टर म्हणजे लुडविग गुटमन. ब्रेस्लाऊचा हा ज्यू मेंदूशल्यविशारद १९३९मध्ये नाझी जर्मनीतून इंग्लंडला आला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेविलच्या रुग्णालयात त्याच्या हाती मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग आला. प्लास्टरमध्ये जखडून आलेल्या जखमींचं प्लास्टर त्याने काढायला लावलं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायची. लघवीची नळी हात न लावता, निर्जंतुक पद्धतीने घालायची. पाळीवर कुणी पेंगतंय का हे बघायला तो रात्री-अपरात्री वॉर्डात हजर व्हायचा. फार प्रेमळ माणूस नसावा. पण या कामाला प्रेमापेक्षा धाकच जास्त उपयोगी पडला असणार.

१९४७मध्ये गुटमन आणि त्याचा सहकारी व्हिटरिज यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर नुसत्या तुंबलेल्या मूत्राशयानेही रक्तदाब भयंकर चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला उठवून बसवायचं आणि नळी कुठे दुमडली आहे का ते आधी पाहायचं. घरच्यांना हे माहीत नसलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. डिस्चार्जच्या कागदावर हे ठळक अक्षरांत हवं.

खेळ त्यानंतर आले. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर १६ जखमींनी खुर्चीत बसून धनुष्य ओढलं. पॅरालिंपिकचं मूळ ते. हाच धागा आपल्याकडे सांगलीच्या पेठ इस्लामपूरपर्यंत येतो. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले मुरलीकांत पेटकर १९७२मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्रीला मात्र २०१८ उजाडलं. जखमी जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४पासून खास केंद्र आहे. आंब्यावरून किंवा परांचीवरून पडलेल्याला मात्र आधी चार जण हातापायांना धरून उचलतात आणि रिक्षात कोंबतात. मोडका मणका तिथेच मज्जारज्जूत घुसू शकतो. डोकं, मान, पाठ एका रेषेत धरून त्याला फळीवर घ्यायला हवं.

तुटलेला मज्जारज्जू मात्र अजून जोडता येत नाही. १९९०नंतर जगभर स्टेरॉइडचे मोठे डोस सुरू झाले. २०१३मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शिकेने ते देऊ नयेत असं सांगितलं. २०२३मध्ये लोझानच्या संशोधकांनी मेंदूतले संकेत यंत्राने थेट कण्यापर्यंत नेऊन एका रुग्णाला पुन्हा चालवलं. वर्तमानपत्रांनी ते पान भरून छापलं, आणि ते होतंही तसंच. पण २००४मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६८१ जखमींना विचारलं होतं, आधी काय परत हवं? मानेच्या दुखापतीवाल्यांनी सर्वांत आधी हात मागितले. कमरेखाली लुळे असलेल्यांनी लैंगिक क्षमता मागितली. लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांच्या यादीत वर होता. चालणं त्याच्या मागे.