मंदीतील पहिली नोकरी

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि वित्तक्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्या आपल्याकडील पदवीधरांनाही तिची झळ बसली. मंदीत मोठ्या कंपन्या प्रथम नवी भरती थांबवतात. तरीही पालघरचा वाणिज्य पदवीधर मुंबईचीच गाडी पकडतो. उलट दिशेला, उमरोळी ओलांडताच येणारे बोईसर त्याच्या हिशेबात नसते.

वस्तुतः तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायन, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांत मंदीमुळे उत्पादन घटले, तरी हिशेबनिसाचे काम वाढते. ग्राहकांकडील येणी लांबतात, देणी थांबत नाहीत. बँकेला साठ्याचे व येण्यांचे विवरण द्यावे लागते. ९० दिवसांहून जुनी येणी बँका सहसा कर्जमर्यादेसाठी धरीत नाहीत. अशा वेळी कोणाकडे किती रक्कम किती दिवस अडकली आहे, हे अचूक सांगणारा माणूस मालकाला हवा असतो.

पगार तुटपुंजा, हुद्दा साधा. विवाहाच्या परिचयपत्रात तो शोभत नाही, अशी समाजातील पालकांची कुरकुर असते. ती मुलांनी फारशी मनावर घेऊ नये. मुलाखतीपूर्वी टॅली आणि जीएसटीचे विवरणपत्र शिकून घ्यावे, आणि सोबत येण्यांची दिवसवार यादी नमुन्यादाखल स्वतः तयार करून न्यावी.