प्रवाह वाढला, की वाहिनी रुंदावते

धानाच्या रोवणीत बिरसी गावच्या बांध्यांमध्ये दिवसभर वाकून राबणाऱ्यांच्या स्नायूंना विश्रांतीतल्यापेक्षा कितीतरी अधिक रक्त लागते. तेव्हा स्नायूंतील रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म शाखा तेथील रासायनिक बदलांमुळे आधी उघडतात आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या वरच्या लहान रोहिण्यांमधील प्रवाह वेगावतो. या रोहिण्यांना आतून पेशींचा एकपदरी थर, म्हणजे अंतःस्तर, असतो. पाटाचे पाणी जोरात वाहू लागले, की काठाची माती खरवडली जाते, तसे वेगवान रक्त या पेशींना घासत जाते. मात्र अंतःस्तराचा हा काठ निव्वळ सोसत नाही, तर घर्षण ओळखून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतो, जो काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात भोवतालच्या स्नायुपेशींत झिरपून त्यांना सैल करतो. वाहिनी रुंदावते, घर्षण उतरते. रुंदावणे थोडेच असले, तरी परिणाम मोठा असतो, कारण दाब तोच राहून त्रिज्या दुप्पट झाल्यास प्रवाह सोळापट होतो.

अंतःस्तराशिवाय रोहिणी ॲसिटिलकोलीन या रसायनाने सैलावत नाही, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले; अंतःस्तरातून निघणारा अज्ञात संदेशवाहक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हाच वायू असल्याचे पुढे उलगडले आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिद मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले.