तारेवरचे खलाशी

शिडाची होडी म्हटली की संथपणे डुलत जाणारे गलबत डोळ्यांपुढे येते. सोळा-सतरा वर्षांची मुले शर्यतीत जी ‘ट्वेंटी नायनर’ होडी हाकतात, ती मात्र ही कल्पना पार मोडून टाकते. ऑस्ट्रेलियाचे ज्यूलियन बेथवेट यांनी तिची आखणी १९९० नंतरच्या दशकात केली. त्यांचीच ‘फोर्टी नायनर’ ही तिची थोरली बहीण. ती २००० सालापासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत चेन्नईच्या वरुण ठक्कर व के. सी. गणपती या जोडीने तीच हाकली होती.

धाकटीची लांबी साडेचार मीटरांहून किंचित कमी आणि वजन पाऊणशे किलोच्या आत. म्हणजे तीत चढणारी दोन मुलेच तिच्याहून जड! ती वाऱ्याने कलंडू नये म्हणून एकजण डोलकाठीवरून आलेल्या तारेत कमरपट्ट्याचा आकडा अडकवतो आणि काठावर पाय रोवून सारे अंग पाण्यावर झोकून देतो. हा नुसता मदतनीस नव्हे. वाऱ्याच्या रोखाने चढताना मोठ्या शिडाची दोरी बहुधा त्याच्याच हाती असते.

पडलेल्या हवेत सायकल दामटणाऱ्यालाही समोरून वारा लागतो. तसाच तो या होडीला लागतो, आणि खरा वारा व हा वेगाचा वारा यांच्या मिलाफावर तिची शिडे चालतात. म्हणूनच वाऱ्याबरोबर जायचे असूनही ती सरळ न जाता तिरकी, नागमोडी धावते. अशा वेळी पुढे मोठे फुगीर शीड चढवलेले असते. अंगावर झोत आला की होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवावे, ही साध्या होडीतली सवय येथे घात करते. तोंड वाऱ्यापासून दूर वळवले तरच होडी सावरते; क्षणभर चूक झाली की दोघेही पाण्यात.

उलटणे हे रोजचेच, त्याचे भय कोणी बाळगत नाही. भय असते ते आकडा न सुटल्याचे. ताणलेल्या तारेत वा दोरांत तो गुंतला, तर मूल उलट्या होडीखाली अडकून पडते. अशा अपघातांत तरुण जीव गेले आहेत. तेव्हा ताण असतानाही झटकन मोकळा होणाराच पट्टा तारेवरच्या स्पर्धकाने बांधावा, असा नौकाशर्यतींचा जागतिक नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. पट्टा अंगावर असला, तरी डोळे मिटून, डोके पाण्याखाली असताना तो सोडण्याचा सराव मात्र मुलांना किनाऱ्यालगतच करून घ्यावा लागतो.