बीडचे नेते घडले कुठे?

बीड जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन उपमुख्यमंत्री दिले. सुंदरराव सोळंके 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात, आणि गोपीनाथ मुंडे 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारात. त्यांच्या जोडीला तीनदा लोकसभेत गेलेल्या केशरकाकू क्षीरसागर, समाजवादी चळवळीतले डॉ. बापू काळदाते आणि अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन. परळीचं औष्णिक वीज केंद्र आणि साखर कारखाने सोडले तर या जिल्ह्यात मोठा उद्योग नाही. जमीन बहुतेक कोरडवाहू. बीड शहरातून प्रवासी रेल्वे धावायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला. अशा जिल्ह्यातून एवढी माणसं मुंबई-दिल्लीपर्यंत पोचली कशी, हा प्रश्न मला बाहेरगावचे लोक नेहमी विचारतात. ते बहुतेक वेळा वक्तृत्वाकडे बोट दाखवतात. माझं उत्तर वेगळं आहे.

माझी सगळी नोकरी बीड जिल्हा परिषदेत झाली. लिपिक म्हणून लागले, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं मी सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहिलं. विषयपत्रिका काढायची, सदस्यांना पोच करायची, सभेत कोण काय बोललं ते टिपायचं, ठरावाखाली सूचक आणि अनुमोदकाचं नाव घालायचं. सभागृहात सगळ्यांत जास्त वेळ गप्प बसणारी आणि सगळ्यांत जास्त ऐकणारी व्यक्ती म्हणजे इतिवृत्त लिहिणारा कारकून. तिथे बसून मी एक गोष्ट पाहिली. नेता जाहीर सभेच्या मंचावर ओळखू येतो, पण तो घडतो स्थायी समितीच्या टेबलावर.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. सामान्य रयतेने मत देऊन कुणाला निवडायचं आणि त्याला जाब विचारायचा, ही सवयच नव्हती. जी काही सार्वजनिक वृत्ती तयार झाली ती शाळांतून. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. तिथून ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. मग 1952 ची पहिली निवडणूक, 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात. त्यानंतर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. निजामाच्या राज्यातून बाहेर पडून जेमतेम चौदा वर्षं झालेल्या जिल्ह्याच्या हाती शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव, पशुवैद्यक हे सगळं आलं. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला परिषद. ज्याच्या घरात कुणी कधी कचेरीची पायरी चढलं नव्हतं, त्याला तीन टप्प्यांनी वर जाण्याचा रस्ता पहिल्यांदा मिळाला.

केशरकाकू या रस्त्याने आल्या. गावच्या सरपंच, मग पंचायत समितीच्या सभापती, मग आमदार, आणि 1980, 1984 व 1991 मध्ये बीडच्या खासदार. आज ही यादी वाचताना सोपी वाटते. पण स्थानिक संस्थांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या त्या 73 व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे नव्वदीत. राज्यात पन्नास टक्के आरक्षण आलं 2011 मध्ये. काकू खुल्या मैदानात उभ्या राहिल्या, तेव्हा ग्रामपंचायतीत बाई बसते ही कल्पनाच लोकांना नवी होती. 'काकू' हे नातं त्यांना जिल्ह्याने दिलं आणि ते त्यांच्या नावापेक्षा मोठं झालं. मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. काकू खासदार आहेत, एवढ्या एका गोष्टीचा आम्हाला केवढा आधार वाटायचा, हे आजच्या मुलींना सांगून पटणार नाही.

गोपीनाथ मुंडेंची वाट मी जास्त बारकाईने सांगते, कारण तिच्यात या जिल्ह्याचा सगळा ताण दिसतो. जन्म 12 डिसेंबर 1949, परळी तालुक्यातलं नाथरा. शेतकरी घर. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रमोद महाजनांशी मैत्री झाली, ती पुढे नात्यात गेली. महाजनांच्या बहिणीशी मुंडेंचं लग्न झालं. दोघेही 1949 चे, दोघेही विद्यार्थी परिषदेतून आणि संघातून आलेले, दोघांनीही आणीबाणीत तुरुंग पाहिला. पण वाटा निराळ्या झाल्या. महाजन शिक्षक झाले, पत्रकारितेत गेले, मग भाजपच्या संघटनेत. 1986 मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि देशाच्या राजकारणात मोठे झाले. जनतेतून लोकसभेवर ते एकदाच निवडून आले, 1996 मध्ये, तेही मुंबईतून. मुंडेंनी मात्र मतदारसंघ धरला. सत्तरचं दशक संपत असताना ते उजनी गटातून बीड जिल्हा परिषदेवर निवडून आले. 1980 मध्ये रेणापूरचे आमदार झाले. 1985 मध्ये पंडितराव दौंड यांच्याकडून हरले. 1990 मध्ये परत जिंकले आणि पुढच्याच वर्षी विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. 1995 मध्ये उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री.

मला या सगळ्यात 1985 चा पराभव महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या पायाखाली गट आहे, तालुका आहे, तो पडला तरी त्याला परत जायला घर असतं. पाच वर्षं सत्तेविना काढायची तर लग्न, दहावे, सप्ताह, यात्रा, पोलीस ठाणं, दवाखाना सगळीकडे स्वतः जावं लागतं. ती सवय त्यांना आधीच होती.

आणि ऊसतोड. बीडच्या राजकारणाचं मूळ शोधायचं तर दसरा-दिवाळीनंतर रिकाम्या होणाऱ्या गावांत जावं लागेल. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, परळी. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबं लाखोंच्या संख्येने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल म्हणून आगाऊ पैसे देतो आणि ती ऊस तोडून फेडायची. माझे चुलते धारूरच्या डोंगरातून दरवर्षी जायचे. मुकादमाची ती लाल कापडी वही मी लहानपणी पाहिली आहे. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला उचल, खाली अंगठा. कोण आजारी पडेल, कोण पळून जाईल, कुणाच्या पोरीचं लग्न काढलंय म्हणून कुणाला जास्त द्यावे लागतील, हे सगळं मुकादमाच्या डोक्यात असायचं. पुढे जिल्हा परिषदेत मी पाहिलेल्या सदस्यांत मुकादमकी करून आलेले लोक होते. माणसं गोळा करणं, शब्द देणं, कारखान्याच्या साहेबाशी घासाघीस करणं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ज्यांची उचल कधीच फिटली नाही अशी घरंही मी पाहिली, म्हणून मुकादमाचं मी कौतुक करत नाही. पण नेतृत्वाची एक शाळा तिथे होती, हे खरं आहे.

मुंडे ऊसतोड मजुरांचे नेते झाले. मजुरीच्या दरासाठी साखर संघाशी बोलणी फिसकटली, संप लांबला, की लवाद बसायचा. पवार आणि मुंडे, एकमेकांचे कट्टर विरोधक, त्या लवादात समोरासमोर बसून दर ठरवायचे. त्याच मुंडेंनी परळीजवळ पांगरीला वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभा केला. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या त्यांना माहीत होत्या. काहींना त्यात विसंगती दिसते. मला वाटतं, मजुरीचा एक रुपया वाढला की कारखान्याच्या ताळेबंदात काय होतं हे ठाऊक असलेला मजुरांचा पुढारी जास्त उपयोगाचा. कारखाना चालवणं मात्र अवघड निघालं. पुढच्या काळात वैद्यनाथ थकबाकीत अडकला. सहकारातून उद्योजक होण्याच्या या वाटेवर मराठवाड्यात बरेच जण ठेचकाळले, कारण इथे पाऊस दगा देतो, ऊस कमी पडतो आणि गाळपाची क्षमता कोरडी राहते. तेलगावच्या कारखान्याला आज सुंदरराव सोळंकेंचं नाव आहे. त्याच्या मागे माजलगावच्या धरणाचं पाणी आहे, हे विसरून चालत नाही.

26 मे 2014 रोजी मुंडे केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले. पंचायती राज खातंही त्यांच्याकडेच आलं. उजनी गटाचा एके काळचा सदस्य देशातल्या सगळ्या जिल्हा परिषदांचा मंत्री झाला, म्हणून आमच्या ऑफिसात त्या दिवशी पेढे वाटले गेले. 3 जूनला सकाळी दिल्लीत मोटार अपघातात ते गेले. बीडकडे यायलाच निघाले होते.

मोठ्या नावांबद्दल एवढं बोलल्यावर जिचं नाव कुणाला ठाऊक नाही अशा एका सदस्याबद्दल सांगायलाच हवं. डोंगरपट्ट्यातल्या एका गटातून ती आली होती. पहिलं वर्षभर ती हात वर करण्यापुरती होती. नवरा बाहेर व्हरांड्यात थांबायचा. चहाच्या सुट्टीत ती माझ्याकडे यायची आणि विषयपत्रिकेतले शब्द विचारायची. अनुपालन म्हणजे काय, पुनर्विनियोजन म्हणजे काय, ऐनवेळचा विषय कोण आणू शकतो. मग एका दुष्काळी वर्षी टँकरचा विषय निघाला. टँकरच्या खेपा लोकसंख्या आणि जनावरांवर ठरतात. ती उठून उभी राहिली. "साहेब, आमच्या तांड्यावर तुम्ही हिवाळ्यात माणसं मोजली. तवा तिथं म्हातारी अन् लेकरं होती. आता कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, कोयते माघारी येऊ लागलेत. आल्यावर मोजा." सभागृह क्षणभर गप्प झालं आणि मग चार तालुक्यांचे सदस्य एकदम बोलू लागले, कारण त्यांच्याकडेही तेच होतं. गावं परतण्याच्या वेळेला खेपा फेरठरवाव्यात, असा ठराव झाला. सूचक म्हणून मी तिचं नाव लिहिलं. ती पुढे आमदार झाली नाही. पण नंतरच्या प्रत्येक टंचाई बैठकीत कुणी ना कुणी तो मुद्दा मांडला.

नेता घडतो म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिलं. आपल्या गावाला माहीत असलेली गोष्ट सरकारी कागदाच्या भाषेत बसवता येणं. हे भाषणाच्या स्पर्धेत शिकता येत नाही. त्याला सभा लागते, विषयपत्रिका लागते, पाच वर्षं लागतात.

म्हणूनच पुढे जे झालं त्याची मला काळजी आहे. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. अधिकारी काम करतात. माझा त्यांच्यावर राग नाही. पण एका पिढीच्या हातून शिकण्याची वर्षं निसटली. पायऱ्या बंद राहिल्या की वर जायला दोनच रस्ते उरतात. एक, घराण्याचा. क्षीरसागर, मुंडे, सोळंके, पंडित ही नावं आम्ही पिढ्यानपिढ्या मतपत्रिकेवर वाचत आलो. दुसरा, पैशाचा आणि दांडगाईचा. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी जास्त लिहीत नाही. पण सरपंचपद ही या जिल्ह्यातल्या सामान्य माणसाची पहिली पायरी. तिथेच उभ्या असलेल्या माणसाचा जीव सुरक्षित नसेल, तर कुठली आई आपल्या लेकराला निवडणुकीचा फॉर्म भरू देईल?

बीडच्या अभ्यासिकांमध्ये आज हजारो मुलं-मुली एमपीएससीची तयारी करतात. मला बोलावलं की मी जाते. नेते कसे झाले ते सांगा म्हणतात, आणि मी त्यांना गावच्या ग्रामसभेत पाठवते. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 80 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला ठेवलेला होता, 10 टक्के पंचायत समितीला, 10 टक्के जिल्हा परिषदेला. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि खर्च घरबसल्या दिसतो. तो छापून घ्या, ग्रामसभेत उभं राहा, एक प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात तो आपल्या नावासह लिहिला गेला का, ते सभा संपल्यावर स्वतः वाचा. बहुतेक जण वहीत लिहून घेतात आणि परीक्षेच्या नादात विसरतात, त्यांना दोष देत नाही. पाटोद्याकडच्या एका मुलीने मात्र हे केलं. अंगणवाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिने विचारला आणि ग्रामसेवकांनी तिला पावत्या दाखवल्या. तिला एकविसावं वर्ष लागून संपलं आहे, म्हणजे कायद्याने ती उभी राहू शकते. गावची ग्रामपंचायत निवडणूक पुढच्या वर्षी आहे. आपल्या वॉर्डातली मतदार यादी तिने तपासून काढली, वगळलेली नावं शोधली आणि त्या घरांचे अर्ज भरून द्यायला ती गेल्या आठवड्यापासून तहसीलला जाते आहे.