पवन चालतो, पाटील अडतो : नोंदणीचा फॉर्म नेमका कुठे फसतो?

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली. सुरतच्या या भागांत संध्याकाळी चक्कर मारली की गुजराती, हिंदीच्या जोडीला मराठी अन् अहिराणी कानावर पडतेच. धुळे, नंदुरबार, जळगावहून तापी लाइनच्या गाड्या धरून आलेली माणसं लूम, डाइंग मिल, कापड मार्केटमध्ये रुळली. त्यांची मुलं इथेच शिकली आणि आता त्यातली काही कॉम्प्युटरवर कोड लिहितात. समाजाच्या मंडळाचा वधू-वर मेळावा असो, गुणवंतांचा सत्कार असो की शिष्यवृत्ती, वही घेऊन नावं लिहिण्याचे दिवस सरत आलेत. 'वेबसाइटवर नोंदणी करा' एवढा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो.

गाडी अडते ती इथे. समजा, अशाच एका मंडळाने कॉलेजातल्या एका पोराकडून नोंदणीची साइट करून घेतली. त्याने ती 'जँगो' या फ्रेमवर्कमध्ये बांधली. त्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. मुदत रविवारची. शनिवारी रात्री फोन सुरू : "फॉर्म भरला, बटण दाबलं, पण पान परत तसंच उघडतं." एक जण म्हणतो, नाव चुकीचं दाखवतंय. दुसरा म्हणतो, नोंदणी झाली पण लॉगिन होत नाही. ज्याचा फॉर्म अडतो त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तो सायबर कॅफेत पैसे मोजतो, नाहीतर नाद सोडून देतो. खरं तर बहुतेक वेळा चूक फॉर्म बनवणाऱ्याची असते आणि ती शोधता येते.

आधी हे जँगो काय ते

फ्रेमवर्क म्हणजे साइट बांधण्याचा तयार सांगाडा. लॉगिन, पासवर्ड, डेटाबेस अशी नेहमीची कामं त्यात आधीच करून ठेवलेली असतात. जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचं दैनिक होतं. तिथल्या प्रोग्रामरांनी बातम्यांच्या साइट झटपट उभ्या करता याव्यात म्हणून २००३ मध्ये हे काम सुरू केलं. जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव दिलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं.

जँगोत वापरकर्त्याचा एक तयार नमुना मिळतो : युजरनेम, नाव, आडनाव, ईमेल, पासवर्ड. पण मंडळाला गाव, मोबाइल, फोटो, शाळाही हवी असते. मग आपला स्वतःचा, म्हणजे 'कस्टम', वापरकर्ता बनवावा लागतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या १.५ आवृत्तीपासून ही सोय आहे. बऱ्याच अडचणी इथूनच सुरू होतात.

पहिलं काम : आकडा बघा

फॉर्म अडला की कोडमध्ये अंदाजाने फेरफार करू नयेत. सर्व्हर ज्या काळ्या खिडकीत चालू आहे, तिथे प्रत्येक बटणामागे एक ओळ उमटते आणि ओळीच्या शेवटाकडे एक आकडा असतो. निम्मं निदान त्यातच होतं.

• ३०२ : नोंदणी झाली, माणूस पुढच्या पानावर गेला. सगळं ठीक.
• २०० : बटण दाबल्यावर हा आकडा दिसला तर फॉर्म सर्व्हरपर्यंत पोचला, पण तपासणीत नापास झाला आणि तेच पान परत दाखवलं गेलं.
• ४०३ : सुरक्षेचं टोकन नाही किंवा जुळलं नाही. फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकनची ओळ राहून गेली असेल.
• ४०४ : फॉर्म भलत्याच पत्त्यावर जातोय.
• ५०० : कोड मध्येच कोसळला. कारण त्याच खिडकीत सविस्तर छापलेलं असतं.

४०३ ची एक गंमत आहे. लॅपटॉपवर चालणारा फॉर्म खऱ्या सर्व्हरवर चढवला की कधीकधी हाच आकडा देऊ लागतो. जँगो ४.० पासून विश्वासू साइटांच्या यादीत पत्ता 'एचटीटीपीएस'सकट पूर्ण लिहावा लागतो. जुन्या पद्धतीने नुसतं साइटचं नाव लिहिलं तर चालत नाही.

"पान परत तसंच उघडतं" ही तक्रार मात्र बहुतेक वेळा २०० चीच असते. फॉर्मने चूक पकडलेली असते, पण ती दाखवायला पानावर जागाच ठेवलेली नसते. पान देखणं करायच्या नादात रकाने हाताने लिहिले जातात आणि चुकांची ओळ गळते. कधी रकान्याचं आतलं नाव फॉर्ममधल्या नावाशी जुळत नाही, मग भरलेली माहितीही रिकामी समजली जाते. उपाय साधा : फॉर्ममधल्या सगळ्या चुका आधी त्या काळ्या खिडकीत छापून बघा, मग त्या पानावर प्रत्येक रकान्याखाली दाखवा.

जुना साचा, नवा माणूस

दुसरी नेहमीची अडचण. सेटिंग्जमध्ये आपला नवा वापरकर्ता लावला, पण नोंदणीचा तयार फॉर्म जँगोच्या जुन्या वापरकर्त्यालाच धरून बसला. मग 'हा वापरकर्ता बदलला गेला आहे' अशा अर्थाची इंग्रजी चूक येते. तयार फॉर्मवरून आपला फॉर्म काढून त्यात 'कोणासाठी' या जागी नवा वापरकर्ता लिहिला की प्रश्न मिटतो.

पण हा बदल कधी केला, याला महत्त्व आहे. डेटाबेसचे तक्ते एकदा जुन्या वापरकर्त्यावर उभे राहिले, की मधूनच तो बदलणं म्हणजे भिंती उभ्या राहिल्यावर पाया हलवणं. म्हणून जँगोचे जाणकार सांगतात : गरज वाटो न वाटो, नव्या कामात पहिल्या दिवसापासून आपला वापरकर्ता ठेवा, पहिलं मायग्रेशन चालवण्याआधी.

नोंदणी झाली, लॉगिन होईना

ही चूक सगळ्यात धोक्याची. जँगो पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. त्याचं उलट न फिरवता येणारं रूप बनवून तेच साठवतो. तयार फॉर्म हे काम स्वतः करतो. पण तो सोडून साधा फॉर्म वापरला आणि पासवर्ड थेट तक्त्यात टाकला, तर तो उघड्या अक्षरांत पडून राहतो. लॉगिनच्या वेळी जँगोला त्यात आपलं रूप सापडत नाही, म्हणून बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

लॉगिन होत नाही हा त्रास त्यामानाने छोटा. मोठा धोका म्हणजे शेकडो घरांचे पासवर्ड उघडे पडलेले असतात आणि आपल्याकडे एकच पासवर्ड ईमेललाही चालवणारे कमी नाहीत. पासवर्ड 'सेट पासवर्ड' या तयार कृतीतूनच गेला पाहिजे. आधी उघडे साठलेले असतील तर ते पुसून सगळ्यांना नवा पासवर्ड ठेवायला सांगावं, आणि का ते खरं सांगावं.

पवन चालतो, पाटील का अडतो?

आता मराठी माणसाची खास अडचण. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरंच यावीत, अंक-चिन्हं नकोत, असा नियम बनवणारा सहज लावतो. पायथन भाषेत त्यासाठी तयार तपासणी आहे. तिला 'पवन' दिलं तर ती पास करते. 'मदन', 'गगन' हेही पास. 'पाटील' दिलं की नापास!

कारण युनिकोडच्या लेखी प, ट, ल ही अक्षरं आहेत, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, ती अक्षराला जोडायची चिन्हं आहेत. पायथनची तपासणी फक्त अक्षरं मोजते. म्हणून बिनमात्रेचा पवन आत जातो आणि पाटील, चौधरी, सोनवणे, महाजन सगळे दारात उभे. जँगोच्या युजरनेमचा नियमही याच प्रकारच्या तपासणीवर उभा असल्याने तिथेही मात्रेचं देवनागरी नाव अडतं. 'आडनाव चुकीचं आहे' असा निरोप वाचून माणूस इंग्रजीत नाव लिहितो, आणि पुढे दाखल्यावरच्या मराठी नावाशी ते जुळत नाही.

उपाय दोन. लॉगिनसाठी मोबाइल नंबर घ्यावा आणि माणसाचं नाव वेगळ्या रकान्यात ठेवावं. त्या नावावर अक्षरांचा नियमच लावू नये. पुढचे-मागचे मोकळे स्पेस काढा, लांबीची मर्यादा घाला, बास. नियम हवाच असेल तर देवनागरीचा पूर्ण पट्टा, मात्रांसकट, मान्य करा. 'वऱ्हाडे'मधला ऱ काही कीबोर्ड एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाने लिहितात. ते त्या पट्ट्याबाहेर आहे, तेही आठवणीने मान्य करावं लागतं.

सीमेवरच्या घरांचे रकाने

नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. फॉर्म बनवणारा मात्र अनेकदा एकच राज्य डोक्यात ठेवतो. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात म्हणून '४ नेच सुरू व्हावा' असा नियम घातला, की सुरतचे ३९४, ३९५ वाले सगळे बाहेर.

नावाचंही तसंच. गुजरातेत कागदोपत्री 'भाई', 'बेन' लावायची रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर 'रमेशभाई', गावच्या सातबाऱ्यावर 'रमेश'. दोन नावं अक्षरन्अक्षर जुळलीच पाहिजेत असा नियम असेल तर तोच माणूस दोन ठरतो. 'दाखल्यावर आहे तसं नाव लिहा' अशी सूचना द्यावी आणि जुळवणी माणसाच्या डोळ्यांवर सोडावी.

ईमेलचा एक छुपा खड्डा आहे. 'प्रत्येकाचा ईमेल वेगळा हवा' आणि 'ईमेल रिकामा चालेल' हे दोन्ही नियम एकत्र लावले, तर ईमेल नसलेला पहिला माणूस आत जातो आणि दुसऱ्याला निरोप येतो : हा ईमेल आधीच नोंदलेला आहे. त्याने तर काही लिहिलेलंच नसतं! रिकामी जागा हीसुद्धा एक किंमत म्हणून साठते, म्हणून असं होतं. रकान्याला 'काहीच नाही', म्हणजे नल, ठेवायची परवानगी दिली की हे सुटतं. एकाच मोबाइलवर चालणाऱ्या घरात दोन भावंडांची नोंदणी करायची असेल, तर लॉगिन पालकाचं ठेवून त्याखाली मुलांची नावं घ्यावीत.

फोटो जात नसेल तर दोन ठिकाणी बघावं : फॉर्मच्या ओळीत फाइल पाठवण्याचा प्रकार लिहिला आहे का, आणि सर्व्हरवर फॉर्मला माहितीसोबत फाइलीही दिल्या आहेत का. यातलं एक राहिलं तरी फोटोचा रकाना रिकामा समजला जातो.

लिंक फिरवण्याआधी

२६ ऑगस्ट २०२१ ला असंघटित कामगारांसाठी केंद्राचं ई-श्रम पोर्टल सुरू झालं. तेव्हापासून लूमवरच्या माणसालाही नोंदणीचा फॉर्म म्हणजे काय ते कळलंय. मंडळाचा फॉर्म त्यामानाने लहान, पण अडलेल्या माणसाची निराशा तेवढीच.

म्हणून लिंक ग्रुपवर टाकण्याआधी पाच जणांकडून फॉर्म भरून घ्यावा : एक मात्रा असलेलं मराठी नाव, एक सुरतचा पिनकोड, दोघं ईमेल नसलेले आणि एक स्वस्त मोबाइलवरून फोटो पाठवणारा. नोंदणी झाली की प्रत्येकाने बाहेर पडून पुन्हा लॉगिन करून बघावं. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि फॉर्मच्या खाली मंडळाच्या कार्यकर्त्याचा नंबर जरूर द्यावा. ज्याचं नाव मशीनने घेतलं नाही, त्याचं नाव वहीत तरी लिहिलं गेलं पाहिजे.