मंत्रिमंडळ म्हणजे काय?

आपल्या शाळेत पाणीमंत्री आहे, सफाईमंत्री आहे. राज्याचेही तसेच असते. मुख्यमंत्री नावे सुचवतात, राज्यपाल शपथ देतात. १५ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. विधानसभेच्या जागा २८८. त्यांच्या १५ टक्क्यांहून जास्त मंत्री चालत नाहीत. म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३ पर्यंतच! शेती, शिक्षण, आरोग्य अशी खाती वाटलेली असतात, पण जबाबदारी सगळ्यांची मिळून. विधानसभेचा विश्वास गेला, की सगळेच घरी! दिल्लीत पंतप्रधानांचे मंत्रिमंडळ लोकसभेला असेच बांधलेले असते.

माठ रिकामा दिसला, की आपण पाणीमंत्र्याला विचारतोच ना? मंत्र्यांना आमदार विचारतात. आईबाबा, ते आमदार तुम्हीच निवडता. आम्हांला अजून मत नाही, तुम्हांला आहे!