विश्लेषण : सौनासाठी महागडे सागवान का नको? फिनलंडमध्ये बाकड्यांना कोणते लाकूड वापरतात?

नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या खोलीत माणूस लाकडी बाकड्यावर उघड्या अंगाने बसतो, निवांत गप्पा मारतो. त्याच बाकड्यातून वर आलेले स्क्रूचे डोके मांडीला लागले तर मात्र तो किंचाळत उठतो. खोली एक, तापमान एक, तरी असे का होते? सौनासाठी लाकूड निवडण्याचे सगळे गणित या प्रश्नात आहे. मोठ्या गृहसंकुलांत, जिममध्ये आणि रिसॉर्टमध्ये आता आपल्याकडेही सौना दिसतो. त्याचे काम अनेकदा फर्निचरच्या कंत्राटदाराकडे जाते आणि ‘चांगले लाकूड’ म्हटले की सागवान किंवा प्लाय हीच नावे पुढे येतात. सौनाच्या बाकड्यासाठी ही दोन्ही उत्तरे चुकीची ठरतात.

सौना आणि स्टीम बाथ एकच का?

नाही. स्टीम रूममध्ये तापमान ४० ते ५० अंश आणि हवा वाफेने पूर्ण भरलेली असते, म्हणून तिथे टाइल्स चालतात. फिनिश सौनात तापमान ८० ते १०० अंश असते, पण हवा बरीच कोरडी. मध्येच तापलेल्या दगडांवर पाणी टाकले की वाफेचा झोत उठतो. फिनिश भाषेत त्याला ‘लोयलू’ म्हणतात. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि तिथे सौना ३० लाखांहून अधिक. तिथल्या सौना संस्कृतीचा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. पूर्वी खेड्यांत बाळंतपणेही सौनातच होत. घरातली सर्वांत उबदार आणि स्वच्छ जागा तीच असायची.

चटका का बसत नाही?

चटका नुसत्या तापमानाने बसत नाही. वस्तू किती वेगाने उष्णता त्वचेत सोडते, त्यावर तो ठरतो. पोलाद ती भसाभसा सोडते. लाकडात हवेने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने ते ती हळूहळू सोडते. लाकूड जितके हलके, तितकी त्यात हवा जास्त. समजा, बाकडे ९० अंशांवर आहे आणि त्वचा ३५ अंशांवर. ढोबळ हिशेब केला, तर टेकताक्षणी त्वचेचे तापमान पोलादावर ८० अंशांच्या पुढे जाते. सागवानावर ते ५० अंशांच्या आसपास आणि अबाचीसारख्या हलक्या लाकडावर ४५ अंशांच्या जवळ राहते. सागवान आणि अबाचीतला फरक पाच अंशांचाच दिसतो. पण माणसाला वेदना सुरू होते ती साधारण ४५ अंशांच्या आसपास, त्यामुळे हेच पाच अंश महत्त्वाचे.

सागवानाच्या एका घनमीटरचे वजन साधारण ६५० किलो, अबाचीचे ३८० किलो. वखारीत जे लाकूड ‘हलके’ म्हणून नाकारले जाईल, तेच इथे कामाचे.

फिनलंडमध्ये कोणते लाकूड वापरतात?

भिंतींना आणि बाकड्यांना एकच लाकूड वापरण्याचा नियम नाही. भिंती आणि छताला परंपरेने स्प्रूस किंवा पाइन वापरतात. ही झाडे तिथे मुबलक आहेत आणि भिंतीला कोणी टेकून बसत नसेल तर ती पुरेशी आहेत. पाइनची अडचण राळेची. उष्णतेने राळ पातळ होऊन गाठींतून पाझरते आणि अंगाला चिकटते. गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा घट्ट असल्याने तिचा चटकाही जास्त बसतो.

बाकड्यांसाठी म्हणून ॲस्पेन आणि आल्डर निवडतात. दोन्हींत राळ नसते. ॲस्पेन फिकट, जवळपास पांढरे असते, तर आल्डर तांबूस. अबाची पश्चिम आफ्रिकेतून येते. ते हलके आणि बहुतेक बिनगाठीचे असल्याने युरोपात बाकड्यांसाठी लोकप्रिय आहे.

अलीकडे उष्णताप्रक्रिया केलेल्या लाकडाची चलती आहे. फिनलंडच्या व्हीटीटी या संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात ही पद्धत विकसित केली. भट्टीत वाफ सोडून लाकूड साधारण १८० ते २१५ अंशांपर्यंत तापवतात. वाफेमुळे ते पेट घेत नाही. राळ निघून जाते, रंग तपकिरी होतो आणि ओलाव्याने फुगणे-आकसणे कमी होते. मात्र त्याची ताकद थोडी घटते आणि ते ठिसूळ होते. त्यामुळे बाकड्याखाली आधार जवळजवळ द्यावे लागतात.

‘सिडार’ म्हणजे देवदार का?

इथे खरेदीत गफलत होऊ शकते. अमेरिका-कॅनडात सौनासाठी प्रसिद्ध असलेले ‘वेस्टर्न रेड सिडार’ खरे सिडार नाही. ते थुजा कुळातले हलके लाकूड आहे. खरे सिडार म्हणजे आपला हिमालयातला देवदार, आणि तो तेलकट व राळयुक्त असतो. दरपत्रकात नुसते ‘सिडार’ लिहिले असेल तर नेमके कोणते, हे विचारून घ्यावे. रेड सिडारचा सुगंध अनेकांना आवडतो, पण त्याच्या भुशामुळे सुतारकाम करणाऱ्यांना दमा होऊ शकतो. ज्यांना वासाची ॲलर्जी आहे, त्यांनी ॲस्पेनच घेतलेले बरे.

प्लाय आणि पॉलिश का टाळावे?

स्वस्त प्लाय आणि एमडीएफमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. उष्णता आणि ओलावा मिळाला की त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू अधिक सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या वायूची नोंद कर्करोगकारक घटकांत केली आहे. बंद खोलीत खोल श्वास घेत बसायचे आणि हवा अशी, हा सौदा कशासाठी? सनमायका तर त्याहून वाईट. मागचा गोंद सुटून तो उचकटतो. बाकड्याला पीयू किंवा मेलामाइन पॉलिशही नको. लाकूड उघडे ठेवावे किंवा सौनासाठीचे पॅराफिन तेल लावावे.

महाराष्ट्रात वाळवीचे काय?

फिनलंडमध्ये वाळवी नाही, त्यामुळे तिथल्या माहितीपुस्तिकांत या प्रश्नाला फारशी जागा नसते. ॲस्पेन, स्प्रूस, अबाची यांपैकी एकही लाकूड वाळवीपुढे टिकणारे नाही. उष्णताप्रक्रिया केली म्हणूनही ती लागायची थांबत नाही. वाळवीसाठी रसायन मुरवलेले लाकूड आत वापरणे धोक्याचे आहे. तेव्हा उपाय बांधणीतच शोधावा लागतो. लाकूड थेट जमिनीवर टेकवू नये, खालचा थर काँक्रीटचा किंवा टाइल्सचा ठेवावा. सागवानाला इथे जागा आहे. दाराची बाहेरची चौकट, बाहेरच्या पट्ट्या अशा अंग न लागणाऱ्या ठिकाणी ते वाळवीला चांगले तोंड देते.

पावसाळ्यात अनेक आठवडे सौना बंद राहिला, तर बाकड्यांच्या खालच्या बाजूला बुरशी धरू शकते. म्हणून फळ्या खालून स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने, सुट्या करून वाळवता येतील अशा बसवून घ्याव्यात. स्क्रू खालून घातला की त्याचे डोके मांडीला लागण्याचाही प्रश्न राहत नाही.